वाचकांचे प्रश्न: टायर किती मोठा घालू?

पावसाळा जवळ आला की आमच्याकडे टायरचे प्रश्न सुरू होतात आणि त्यातले निम्मे तरी एकच विचारतात, मोठा टायर टाकू का. यावेळी पूर्ण सदर त्यालाच देतोय. गाड्या वेगळ्या, गरजा वेगळ्या, म्हणून उत्तरं पण वेगळी आहेत, पण एक सांगून ठेवतो की साईजचा विचार मी सगळ्यात शेवटी करतो. आधी हवा, मग टायरची जात, मग साईज. का ते खाली येईलच.

प्रश्न: सर, माझी 2023 ची जिम्नी आहे, मॅन्युअल. राहतो पनवेलला, सुट्टीला माळशेज, मुळशी बाजूला कच्च्या रस्त्यांवर जातो. 235/75 R15 ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीला चालणारे) टाकायचेत. टायरवाला म्हणतो ओरिजिनल डिस्कवरच (रिमवरच) आरामात बसतात, काही करावं लागत नाही. टाकू का? ग्राउंड क्लिअरन्स किती वाढेल?

बसतात, पण कुठे, तर दुकानासमोर सरळ उभ्या असलेल्या रिकाम्या गाडीला. खड्ड्यात एक चाक वर एक खाली असताना स्टिअरिंग पूर्ण वळवलं की काय होतं ते दुकानात कळत नाही.

आधी हिशेब करू. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा म्हणजे साईडवॉल, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, त्या रुंदीच्या किती टक्के, आणि शेवटचा डिस्कचा व्यास इंचात. तुमचा कंपनीचा टायर 195/80 R15, म्हणजे साईडवॉल 156 मिमी, वरची खालची मिळून 312, त्यात 15 इंचाचे 381 मिळवा, झाली उंची 693 मिमी. 235/75 R15 ची हीच बेरीज 733.5 येते. टायर 40 मिमी मोठा झाला पण गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, कारण ॲक्सल चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे 210 चा क्लिअरन्स 230 झाला धरा. 20 मिमी कमी नाहीत, दगडावर अडकणं आणि सुटणं यात कधीकधी तेवढाच फरक असतो, पण त्याची किंमत काय पडते ते बघा.

जिम्नीचं इंजिन 1462 सीसी, टर्बो नाही, टॉर्क 134 न्यूटन मीटर आणि तोही 4000 आरपीएमला. टायर 5.8 टक्के मोठा झाला की रस्त्यावर मिळणारी ओढ साधारण तेवढीच कमी होते, शिवाय टायर जड असतो तो फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. 4 लो मध्ये (फोर बाय फोरचा हळू पण जोराचा गिअर) हे फारसं जाणवणार नाही कारण तिथे गिअरिंग दुप्पट मिळतं. जाणवेल ते माळशेज चढताना, चार माणसं आणि सामान घेऊन, जिथे आता तिसऱ्यात निघता तिथे दुसरा टाकावा लागेल. हायवेला पाचवा गिअर तर नुसता सपाटीचा होऊन जातो. ब्रेक मारल्यावर गाडी थांबायला थोडी जास्त जागा घेते हे पण लक्षात ठेवा, घाट उतरताना ते महत्त्वाचं आहे.

आता डिस्क. तुमची ओरिजिनल डिस्क साडेपाच इंच रुंद आहे आणि 235/75 R15 ला डिस्क 6 ते 8 इंच लागते, टायर कंपन्यांच्या तक्त्यात तसं दिलेलं असतं. साडेपाचवर चढवला तर चढतो, पण मधे फुगतो, मधला पट्टा लवकर झिजतो आणि वळणात साईडवॉल लोळतो. म्हणजे डिस्कचा पण खर्च आला. नवीन डिस्क घेताना पीसीडी (बोल्ट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) 5x139.7 जुळला म्हणजे झालं असं नाही, ऑफसेट, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसतं, तो पण बघावा लागतो. चाक जेवढं बाहेर निघेल तेवढं ते वळताना बंपरच्या कोपऱ्याला आणि मडफ्लॅपला घासतं आणि बेअरिंगवर लोड पण वाढतो.

घासतंय का ते बघायची पद्धत सांगतो. मित्राकडे 235 असतील तर एका दिवसासाठी मागून घ्या. पुढचं डावं चाक आणि मागचं उजवं चाक मोठ्या दगडांवर किंवा फळ्यांच्या ढिगावर चढवा, म्हणजे सस्पेन्शन दोन्हीकडे पूर्ण दबेल. बंपरच्या आतल्या कडेला आणि मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला ओला गेरू लावून ठेवा. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा, थोडं पुढे घ्या, मग रिव्हर्समध्ये पण तेच करा कारण बरेचदा फक्त मागे येतानाच घासतं. मागच्या सीटवर दोन माणसं बसवायला विसरू नका. मग उलट बाजूची चाकं चढवून परत. टायरवर गेरू कुठे लागला ते बघितलं की कोणाला विचारायची गरज उरत नाही. आतल्या बाजूला सस्पेन्शनच्या आर्मला लागला असेल तर विषय संपला, कारण प्लास्टिक कापता येतं, आर्म कापता येत नाही.

तुमच्या वापराला मी 215/75 R15 ऑल टेरेन सांगेन. 703.5 मिमी, म्हणजे जेमतेम 10 मिमी मोठा, ओरिजिनल डिस्कवर नियमाने बसतो, ओढ जात नाही. कंपनीच्या हायवे टायरपेक्षा ओल्या मातीत फरक पडेल तो ट्रेडमुळे, म्हणजे रस्त्याला लागणाऱ्या नक्षीमुळे पडेल. डिस्कचे वाचलेले पैसे एका चांगल्या 12 व्होल्टच्या कॉम्प्रेसरवर आणि हवा मोजायच्या गेजवर घाला. कच्चा रस्ता सुरू झाला की हवा 18 पीएसआयपर्यंत उतरवा, टायर खालून लांबट पसरतो, दगडावर उडण्याऐवजी दगडाला धरून जातो. डांबर लागलं की दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जेवढी लिहिलीय तेवढी परत भरा. एवढं केलंत तरी पुष्कळ जागी 235 वाल्यांच्या बरोबरीने निघाल.

प्रश्न: दादा मी नाशिकचा, कॉलेजला आहे, घरी थार एलएक्स डिझेल आहे 18 इंची वाली. 2 इंच लिफ्ट किट (गाडी उंच करायच्या स्प्रिंग) आणि 33 इंची मड टेरेन (चिखलासाठी मोठ्या ठोकळ्यांचे टायर) टाकायचा प्लॅन आहे. मित्र म्हणतात लिफ्ट केली की गाडी कशालाच टेकणार नाही. खरंय का? बाबांना कसं पटवू?

अरे, बाबांना नंतर पटवू, आधी गाडीखाली टॉर्च घेऊन झोप आणि मागचा ॲक्सल बघ. मधे जो डिफरन्शियलचा (इंजिनची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा) गोळा आहे ना तो ॲक्सलचाच भाग आहे आणि ॲक्सल दोन चाकांना जोडलेला आहे. स्प्रिंग 2 इंच उंच केल्या की बॉडी आणि चेसिस वर जाते, तो गोळा आहे तिथेच राहतो. त्याला वर उचलणारी एकच गोष्ट, टायर. म्हणून लिफ्ट केलेली थार पण मधल्या दगडावर त्या गोळ्यानेच टेकते. लिफ्टचा फायदा वेगळा आहे, मोठ्या टायरला मडगार्डमध्ये जागा मिळते आणि गाडीचं पोट उंचवट्यावरून सुटतं. थारचा पुढचा ॲप्रोच अँगल (बंपर न टेकता चढायचा कोन) कंपनीकडूनच 41.8 डिग्री आहे, तिथे तुला तशीही अडचण येत नाही.

पुढची बाजू तुझ्या गाडीत वेगळी आहे, जुन्या जीपसारखा अखंड ॲक्सल नाही, इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे आणि पुढचा डिफरन्शियल चेसिसला बसवलेला आहे. त्यामुळे लिफ्ट केली की तो वर जातो पण चाकं खालीच, म्हणजे चाकांना ताकद नेणारे ड्राईव्हशाफ्ट तिरपे होतात. तिरप्या शाफ्टवर सीव्ही जॉइंटला (शाफ्टचा वळता सांधा) सतत ताण, आधी रबरी बूट फाटतो, ग्रीस बाहेर उडतं, चिखल आत जातो, मग वळताना कट-कट आवाज सुरू होतो आणि एक दिवस चढावर फोर बाय फोर टाकून जोर दिला की तुटतो. 33 च्या जड टायरने हे सगळं आणखी लवकर होतं.

आकडे बघ. तुझा 255/65 R18 हा 789 मिमीचा आहे म्हणजे आत्ताच 31 इंच. 275/70 R18 घेतला तर 842, म्हणजे 33 इंच आणि थोडं. वाढ 6.8 टक्के. त्या गोळ्याखाली मिळाले 27 मिमी. तुझं डिझेल इंजिन 300 न्यूटन मीटरचं आहे, ते ओढेल, जिम्नीसारखा त्रास होणार नाही, पण स्टिअरिंगचे जॉइंट, बेअरिंग, ब्रेक आणि ड्राईव्हशाफ्ट सगळे 31 साठी बनवलेत. आणि स्टेपनी? ती मागच्या दाराला लटकते. 33 चा मड टेरेन डिस्कसकट तिथे टांगलास की बिजागऱ्या काही महिन्यांत खडखडायला लागतात आणि दार खाली येतं. जुनीच स्टेपनी ठेवू म्हणशील तर पंक्चर झाल्यावर एका ॲक्सलवर दोन साईज, त्यात फोर बाय फोर टाकलं तर पुढचा मागचा ॲक्सल वेगवेगळ्या गतीने फिरणार आणि ट्रान्सफर केसमध्ये (पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी) पीळ बसणार. म्हणून कुठलाही साईज घे, पाच घे, चार नको.

मड टेरेन बद्दल पण दोन शब्द. नाशिक ते इगतपुरी हायवेवर त्याचा आवाज असा की गाणी ऐकू येत नाहीत, आणि पावसात गुळगुळीत ओल्या डांबरावर त्याची पकड ऑल टेरेनपेक्षा कमी असते कारण ठोकळे मोठे आणि रस्त्याला लागणारं रबर कमी. गाडी घरची आहे, आई-बाबा पण बसतात, तेव्हा 265/65 R18 ऑल टेरेन बघ. 802 मिमी, लिफ्टची गरज नाही, तरी वर सांगितलेली गेरूची टेस्ट कर. बाबांना हाच हिशेब कागदावर दाखव.

प्रश्न: आमचा दुधाचा धंदा आहे, संगमनेर तालुक्यात. बोलेरो आहे, टू व्हील ड्राईव्ह. पावसाळ्यात वस्तीवरच्या रस्त्याला काळ्या मातीत रोज रुतते. रुंद टायर टाकले तर फायदा होईल का?

रुंद नको. तुमचं काम रोजचं आहे, कॅन भरलेले असतात, वेळेत डेअरीला पोचायचं असतं, त्यामुळे तुमचं उत्तर जरा सविस्तर देतो.

तुमच्या रस्त्याला वर चिखल आणि खाली मुरूम किंवा जुनी खडी असेल तर अरुंद टायर वरचा चिखल कापून खालच्या घट्ट थराला लागतो आणि गाडी निघते. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगतो आणि घसरतो. खाली काही नसून नुसती खोल काळी असेल तर मागच्या दोन चाकांवर चालणाऱ्या गाडीला कुठल्याच साईजचा टायर खात्रीने काढणार नाही, तिथे ट्रॅक्टरच. काळ्या मातीचा खरा त्रास म्हणजे ती टायरच्या खाचांमध्ये भरून बसते आणि टायर पुरणाच्या गोळ्यासारखा गुळगुळीत होतो. म्हणून खाचा रुंद पाहिजेत, ज्या फिरताना माती बाहेर फेकतील.

बोलेरोचा कंपनी साईज 215/75 R15 आहे, तोच ठेवा. मागे दोन मड टेरेन किंवा जास्त खाचांचे ऑल टेरेन टाका, पुढे पण त्याच जातीचे असतील तर उत्तम, कारण मागे पकड आणि पुढे झिजलेला हायवे टायर असेल तर स्टिअरिंग वळवलं तरी गाडी सरळच जाते. विकत घेताना साईडवॉलवर साईजच्या पुढे जो आकडा असतो तो लोड इंडेक्स, तो बघा. 100 लिहिलं असेल तर एका टायरला 800 किलो. कंपनीच्या टायरवर जो आकडा आहे त्याच्यापेक्षा कमीचा टायर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तुमच्या गाडीत दूध असतं, आणि दुधाचं वजन पाण्यापेक्षा थोडं जास्तच भरतं.

त्याच साईडवॉलवर चार आकड्यांचा तारखेचा शिक्का असतो, उदाहरणार्थ 2323 म्हणजे 2023 सालचा तेविसावा आठवडा. नवीन म्हणून दिलेला टायर तीन-चार वर्ष गोडाऊनला पडलेला नाही ना ते बघूनच पैसे द्या.

हवेचं तुमच्यासाठी वेगळं. कॅन भरलेले असताना जिम्नीवाल्यासारखी 18 पर्यंत उतरवायची नाही, साईडवॉल दबून तापतो आणि चिरतो. रिकामी जाताना रुतली तर थोडी कमी करा, निघाली की भरा. आणि रुतल्यावर ॲक्सिलरेटर दाबून चाक गरगर फिरवू नका, खड्डा खोल होतो आणि गाडी ॲक्सलवर बसते. चाकाच्या पुढची माती फावड्याने उतरती करा, उसाचं पाचट किंवा पोती टाका, दुसऱ्या गिअरला हळू क्लच सोडा. आणि जमलं तर वस्तीवरच्या चार घरांनी मिळून त्या पट्ट्यात दोन ट्रॉल्या मुरूम टाका, टायरच्या एका सेटपेक्षा बहुतेक कमीच खर्च येईल आणि सगळ्यांचंच काम होईल.

प्रश्न: वडिलांची जुनी जिप्सी आता मी चालवते, कोल्हापूरला. 235/75 R15 टाकल्यापासून 60 च्या आसपास स्टिअरिंग जोरात थडथडतं, खड्ड्यातून गेलं की जास्तच. दोनदा बॅलन्सिंग केलं. मेकॅनिक म्हणतो स्टिअरिंग डॅम्पर बदला. भीती वाटते चालवायला.

ताई, भीती वाटते ते बरोबर आहे, हे दुरुस्त होईपर्यंत हायवेला नेऊ नका. चालवताना थडथड सुरू झालीच तर जोरात ब्रेक मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून ॲक्सिलरेटर सोडा आणि वेग आपोआप उतरू द्या.

जिप्सीचा टायर कंपनीकडून 205/70 R15, म्हणजे 668 मिमी. तुम्ही 733.5 चा टाकलाय, जवळपास 10 टक्के मोठा आणि बराच जड. पुढे अखंड ॲक्सल आणि कमानपाटे. अशा गाडीत एखाद्या जॉइंटमध्ये थोडी ढिलाई असली तर लहान टायर ती सांभाळून घेतो, मोठा टायर तीच ढिलाई हलवून हलवून मोठी करतो. म्हणजे दोष आधीपासून असणार, टायरने तो उघडा पाडला.

डॅम्पर बदलला तर थोडे दिवस थांबेल आणि परत सुरू होईल, कारण डॅम्पर थडथड दाबतो, बरी करत नाही. क्रमाने बघायला सांगा. पुढचा ॲक्सल जॅकवर घ्या, चाक वर आणि खाली धरून हलवा. हललं तर किंगपिन बेअरिंग (ज्यावर चाक डावीउजवीकडे वळतं ते) किंवा व्हील बेअरिंग. कोणतं ते कळायला दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा, ब्रेक दाबूनही हलत असेल तर किंगपिन. मग डावीउजवीकडे धरून हलवा, आता ढिलाई असेल तर टाय रॉडचे (पुढच्या दोन चाकांना जोडणारा दांडा) टोक. त्यानंतर कोणाला तरी गाडी खाली ठेवून, इंजिन बंद करून स्टिअरिंग थोडं थोडं इकडेतिकडे हलवायला सांगा आणि तुम्ही खाली बघा, प्रत्येक जॉइंटवर बोट ठेवा. हात फिरतोय पण पुढचा रॉड हलत नाही असा जो जॉइंट सापडेल तो गेलेला. पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाटे चेसिसला धरणाऱ्या कड्या) पण बघा.

किंगपिन बेअरिंग नवीन टाकताना खालच्या वरच्या शिम (पातळ चकत्या) तशाच परत टाकून चालत नाही. टाय रॉड सोडवून, स्प्रिंग काट्याने नकल (चाक धरणारा वळता भाग) ओढून किती जोर लागतो ते मोजून शिम ठरवायच्या असतात, जिप्सीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ती पद्धत आहे. हे बरेच ठिकाणी अंदाजाने करतात आणि मग सहा महिन्यांत तेच दुखणं परत. जिप्सीवर हात बसलेला जुना मेकॅनिक शोधा.

एवढं सगळं करूनही मला विचाराल तर त्या गाडीला 215/75 R15 वर आणा. 80 अश्वशक्तीच्या इंजिनाला तो पण पुरेसा मोठा आहे, आणि वडिलांची गाडी आहे, ती हलकीच पळायला बनवलेली आहे.

प्रश्न: मोठे टायर टाकले तर पोलिस पकडतात का? इन्शुरन्सचं काय? – साताऱ्याहून बरेच जण

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे उचलून धरलं. 2019 च्या दुरुस्तीने कलम 182ए आलं, त्यात बेकायदा बदलासाठी मालकाला दर बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. तुमच्याच मॉडेलच्या दुसऱ्या व्हेरिअंटवर कंपनी जो साईज देते तो सगळ्यात बिनधोक, थारमध्ये 245/75 R16 आणि 255/65 R18 दोन्ही कंपनीचेच. मडगार्डच्या बाहेर निघालेले टायर नजरेत येतात, दुसऱ्याच्या अंगावर दगड पण उडवतात. विमा कंपनीला आधी लेखी विचारून घ्या, तोंडी हो म्हटलेलं अपघातानंतर कोणाला आठवत नाही. वॉरंटीमधली गाडी असेल तर सस्पेन्शन आणि ड्राईव्हशाफ्टचे क्लेम अडू शकतात हे धरूनच पैसे घाला.

प्रश्न: मी शारजाला असतो, इथले मित्र दर शुक्रवारी वाळवंटात जातात. वाळूसाठी तरी रुंद टायर लागतातच ना?

वाळूत हवा आधी, रुंदी नंतर. हवा उतरवली की टायर बाजूला थोडा पसरतो, पण लांबीला खूप पसरतो आणि गाडीला वाळूवर तोलून धरतो तो हा लांब ठसा. 15 पीएसआयने सुरुवात करा, मऊ वाळूत अजून थोडी उतरवा, पण मग एकदम वळायचं नाही नाहीतर टायर डिस्कवरून निसटतो. मड टेरेन नकोच, त्याचे ठोकळे वाळू उपसतात आणि गाडी स्वतःच खड्डा खणून बसते, ऑल टेरेन किंवा अगदी हायवे टायर पण बरा. थांबायचं तर उताराकडे तोंड करून थांबा म्हणजे निघताना जोर लागत नाही. आणि परत येताना डांबरी रस्त्याला लागायच्या आधी हवा भरा, तिथल्या उन्हात कमी हवेचा टायर 120 च्या वेगाला फुटायला फार वेळ लागत नाही. एकटे जाऊ नका, दोन गाड्या आणि ओढायची पट्टी असल्याशिवाय वाळूत उतरू नका.